एकतीस खुर्च्या आणि एक कच्चा उमेदवार

कल्याणप्पांनी राहतं घर सरकारला फुकट वापरायला दिलं, तेव्हा जळकोटात त्यांच्या डोक्याबद्दल कुणाला नव्यानं शंका आली नाही, कारण ती आधीपासूनच होती. बत्तीस वर्षं मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, पोरांना मराठी आणि उर्दू शिकवलेला माणूस पेन्शन घेऊन घरी बसला की त्याचं काहीतरी सटकणारच, असं गावाचं मत होतं. खरी गोष्ट एवढीच होती की बायको चन्नम्मा जाऊन दोन वर्षं झाली होती, लेक नीलम्मा लांब आळंदला नांदत होती, आणि सहा खणांच्या घरात कल्याणप्पा एकटे उरले होते. सकाळी ते खाकरले तर मागच्या परसात ऐकू जायचं, आणि परसात ऐकायला कुणी नसायचं.

त्या सुमारास, म्हणजे फसली तेराशे बावन्न, इंग्रजी बेचाळीस-त्रेचाळीस साली, निजामाच्या सरकार-ए-आलीच्या मनात आलं की मुलखातल्या जवान पोरांना काहीतरी हुन्नर शिकवावा. कोणता हुन्नर, हे ठरवायला वरच्या मंडळींच्या नऊ महिने बैठका झाल्या म्हणे. त्या बैठकांत बसायला खुर्च्या कमी पडल्या असाव्यात, कारण शेवटी ठरलं ते असं की पोरांनी खुर्च्या करायला शिकावं. जळकोटाला हुन्नरशाळा मंजूर झाली. आठ उमेदवार, त्यांना शिकवायला एक उस्ताद, आणि उस्ताद शिकवतो की नाही, उमेदवार शिकतात की नाही हे बघायला एक निगराणीदार.

उस्ताद म्हणून गावचा बब्रुवान सुतार ठरला. निगराणीदार असा हवा होता की ज्याला उर्दू कागद वाचता येतील, आणि असा माणूस गावात एकच होता. कल्याणप्पांनी रोज हाजिरी मांडायची, महिन्याच्या शेवटी प्रत्येक उमेदवाराच्या नावापुढे ‘कच्चा’ की ‘पक्का’ ते लिहायचं आणि ती कैफियत उस्मानाबादच्या कचेरीत धाडायची. उस्मानाबाद हे कागदावरचं नाव. तोंडानं सगळे धाराशिवच म्हणत, कचेरीतले कारकूनसुद्धा, साहेब बाहेर गेल्यावर.

शाळेला जागा हवी होती. कल्याणप्पांनी आपली ओसरी आणि अंगण देऊन टाकलं. रोज सकाळी आठ पोरं येतील, लाकूड तासायचे वाकस चालतील, कुणीतरी कुणाला तरी शिव्या देईल, एवढाच त्यांचा लोभ होता.

सरकारनं शाळेआधी कायदे धाडले. सतरा कलमं होती. त्यातलं नववं असं, की निगराणीदारानं कामाच्या वेळात खुर्चीवर बसावं. जमिनीवर उमेदवारांत मिसळून बसू नये. आता अख्ख्या जळकोटात त्या वेळी खुर्ची नव्हती. लोक घोंगडीवर बसत, पारावर बसत, नाहीतर उकिडवे बसत, आणि आजवर कुणाचं काही अडलं नव्हतं. शाळेची पहिली खुर्ची तयार व्हायला तीन आठवडे लागले. तोवर कल्याणप्पांनी सकाळी आठ ते दुपारी चार उभं राहून निगराणी केली, कारण जमिनीवर बसलं तर कायदा मोडत होता. पाय सुजून खांबासारखे झाले. शेजारची इरम्मा रोज मिठाचं गरम पाणी आणून द्यायची आणि वर सल्ला द्यायची, “आप्पा, सरकारला लिहा की, की माझे पाय न्हाईत म्हणून.”

अखेर खुर्ची झाली. बाभळीची, रुंद हातांची, मागे उंच पाठ असलेली. इथून पुढं जे झालं ते कल्याणप्पांनी घर देताना अजिबात धरलं नव्हतं.

बब्रुवान आणि ते एकाच वयाचे, एकाच विहिरीत पोहायला शिकलेले. मास्तर झाले, लग्न झालं, केस पिकले, तरी बब्रुवान त्यांना ‘कल्याण्या’ म्हणायचा. चन्नम्मा गेली त्या दिवशीही त्यानंच भाकरीचा तुकडा हातात कोंबून म्हटलं होतं, “कल्याण्या, दोन घास खा, नाटकं नको करूस.” त्याच बब्रुवाननं खांद्यावरच्या पंच्यानं नवी खुर्ची पुसली आणि मागे सरून म्हणाला, “बसा, आप्पा.”

कल्याणप्पांना ती थट्टा वाटली. ते हसले. बब्रुवान हसला नाही.

“अरे, आप्पा काय म्हणतोस मला?”

“खुर्चीवरच्या माणसाला अरेतुरे करायला जीभ वळंना बगा. तुमी आता सरकार.”

“मग तूही एक खुर्ची घे नि बस माझ्यासमोर.”

“म्या? तुमच्याबरुबर खुर्चीवर? लोकं काय म्हणतील?” असं म्हणून तो खाली भुईवर, आपल्या हत्यारांत जाऊन बसला. अंतर तसं चार हातांचं होतं. पण एक माणूस वर आणि एक खाली असला की गप्पा अर्ध्या वाटेत पडतात, हे कल्याणप्पांना आठवड्याभरात कळलं. ते वरून काही विचारत, तो खालून ‘जी’ म्हणे, आणि संपलं.

बाहेरही तेच. संध्याकाळी वीरभद्राच्या दुकानात शेंगांच्या पोत्यांवर पाचसहा जण बसायचे. कल्याणप्पा त्यातलेच एक. वीरभद्र हा किराणा कमी आणि सल्ला जास्त विकणारा माणूस. लढाई कोण जिंकणार इथपासून म्हशीला काय चारावं इथपर्यंत त्याच्याकडे सगळ्याचं उत्तर असायचं. पहिल्या संध्याकाळी कल्याणप्पा दुकानात शिरले तशी सगळी पोती मोकळी झाली. मंडळी उभी राहिली. वीरभद्रानं एक रिकामं खोकं पालथं घालून त्यावर घोंगडी अंथरली. कल्याणप्पा त्या खोक्यावर बसले. मग सगळे त्यांच्याकडे बघत राहिले.

“चालू द्या की तुमचं,” कल्याणप्पा म्हणाले.

“न्हाय न्हाय, आमचं काय,” वीरभद्र म्हणाला. “उगं कायबाय बोलतो आमी. तुमी लिव्हणारी माणसं. तिकडं कैफियतीत आमचं नाव यायचं.”

पोरांनी खुर्चीचा पाय सरळ केला की वाकडा, याखेरीज कल्याणप्पा काहीही लिहीत नव्हते, हे त्यांनी तीनतीनदा सांगितलं. जितकं सांगितलं तितकी मंडळी जास्त गप्प झाली. चौथ्या दिवसापासून ते दुकानात जाईनासे झाले. त्यांना वाईट वाटलं, आणि आपल्याला वाईट वाटतंय हे सांगायलाही कुणी नाही याचं अधिक वाटलं.

तरी शाळा होती तोवर दिवस निघत होता. वर्षभरात पोरं तयार झाली, आणि तयार झाली तशी पळाली. जळकोटाहून सडक सरळ सोलापूरला जाते. सोलापूर म्हणजे इंग्रजी हद्द; मध्ये आपला करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका, तो ओलांडला की दुसरं राज्य. तिकडे लढाईचं सामान भरायला लाकडी पेट्या लागत होत्या आणि खिळा ठोकता येणाऱ्या कुठल्याही पोराला काम मिळत होतं. एक गेला, त्यानं दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. सात जण गेले. ज्यासाठी एवढी शाळा काढली ते साधलं होतं. पोरं कामाला लागली होती. कल्याणप्पांनी आनंदानं कैफियत लिहायला घेतली आणि रकान्यापाशी अडले. रकाना होता, ‘मुलखात नोकरी मिळाली’. परमुलखात मिळाली तर काय लिहायचं, यासाठी रकानाच नव्हता.

त्यांनी जागा कोरी सोडली. कचेरीतून विचारणा आली की सात उमेदवार शाळेत नाहीत, नोकरीत नाहीत, मग आहेत कुठं. कल्याणप्पांनी तीन पानी खुलासा धाडला; त्यात दोन उर्दू शेर वगळता सगळं मुद्द्याचं होतं. उत्तर आलं की परमुलखातली नोकरी ही नोकरी धरता येत नाही, सबब सदर सात इसम बेपत्ता समजावेत. आणि कुठल्याही कागदावर ‘बेपत्ता’ असा शब्द पडला की त्या कागदाची नक्कल ठाण्याला जाते, हा आणखी एक कायदा होता, जो कल्याणप्पांना ठाऊक नव्हता.

ठाण्याचे दोन जवान सात नावं घेऊन गावात आले आणि घरोघर विचारत फिरले. आया रडायला लागल्या. बापांनी पोरांचे कपडे लपवले, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. विठाबाई नावाची एक बाई, जिचा थोरला सर्वांत आधी गेला होता, ती कल्याणप्पांच्या दारात येऊन उभी राहिली.

“आप्पा, माझं लेकरू सोलापुरात पेट्या ठोकतंय. परवाच लुगडं धाडलंय मला. हे बगा, नेसून आले मी. मग ते बेपत्ता कसं झालं?”

“विठाबाई, ते खरं बेपत्ता नाही. कागदावर तसं धरलंय.”

“मग कागदालाच हुडकायला सांगा,” ती म्हणाली आणि निघून गेली.

त्यानंतर लोक कल्याणप्पांकडे उर्दू कागद वाचून घ्यायलाही येईनात. चार कोस चालून नळदुर्गाला जाऊन वाचून आणत. कल्याणप्पा ओसरीवरून त्यांना कागद काखेत मारून जाताना बघत आणि विभूती लावलेलं कपाळ उगाच पुसत.

आता शाळेत एकच उमेदवार उरला होता. बलभीम. वीस वर्षांचा, बोलायला आळशी आणि हाताला सोनं. खुर्ची पुरी झाली की तो तिच्या पाठीवर बोटाच्या पेरानं तीनदा टकटक करायचा आणि कान लावून ऐकायचा. काय ऐकू येतं विचारलं तर म्हणायचा, “कायबी न्हाय. ऐकू आलं तर सांधा ढिला असतो.” धाराशिवच्या कचेरीत सुताराची एक जागा मंजूर होती आणि ती या शाळेच्या सनदवाल्या उमेदवारालाच मिळणार होती. शिवाय ढोकीच्या एका घरानं त्याला मुलगी देऊ केली होती, पण पोरीचा बाप म्हणाला होता, आधी सनद दाखवा. सनदीसाठी एकच गोष्ट हवी होती: कल्याणप्पांच्या हातचा ‘पक्का’ हा शेरा.

आणि चौदावं कलम असं होतं की एकही उमेदवार कच्चा असेतोवर शाळा चालू ठेवावी. शेवटचा पक्का झाला की बंद करावी.

महिनाअखेर आली. कल्याणप्पांनी दौत उघडली, टाक बुडवला आणि बलभीमच्या नावापुढे लिहायला हात नेला. ओसरीवर वाकस चालत होता, टक् टक् टक्. कल्याणप्पांनी डोळ्यांपुढे उद्याची सकाळ आणली, या आवाजाविना. मग ते उठले, एक गवताची काडी घेऊन खुर्चीचे चारही पाय मोजले, आणि मागचा डावा पाय जवभर आखूड आहे असं त्यांनी स्वतःला पटवलं. ‘कच्चा’ असं लिहिलं.

बलभीमनं ते ऐकलं, मान हलवली आणि पाय काढून नवा बसवला. पुढच्या महिन्यात कल्याणप्पांना पाठीचा कोन पटला नाही. बलभीमनं पाठ नवी केली. तिसऱ्या महिन्यात हातांची गोलाई. चौथ्या महिन्यात काहीच सापडेना, तेव्हा त्यांनी लिहिलं की खुर्ची मजबूत आहे परंतु तिला सरकारी रुबाब नाही. हे वाचून दाखवल्यावर बलभीम बराच वेळ खुर्चीसमोर उकिडवा बसून राहिला, रुबाब कुठं कमी पडला ते शोधत.

त्यानं एकदाही शंका घेतली नाही, हीच मोठी अडचण होती. तो वाद घालता तर कल्याणप्पांना त्याच्यावर रागावता आलं असतं.

“आप्पा,” एकदा बब्रुवान वाकसाला धार लावता लावता म्हणाला, “पोराचं काम पक्कं हाय. माझ्याहून चांगलं हाय.”

“उस्ताद, शिकवणं तुमचं. निगराणी माझी.”

“जी,” बब्रुवान म्हणाला. कल्याणप्पांना त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही. ती त्यांनी खुर्चीवर बसून, ताटली मांडीवर धरून खाल्ली. खाली भुईवर बलभीम आणि बब्रुवान एकमेकांच्या फडक्यातला ठेचा वाटून घेत होते.

असे सात महिने गेले आणि मुआयन्याचा, म्हणजे तपासणीचा हुकूम आला. जिल्ह्याचे मुआयनेदार हिंमतराव स्वतः येणार होते आणि शाळेत आजवर झालेल्या एकूण एकतीस खुर्च्या त्यांना एका ठिकाणी मांडून दाखवायच्या होत्या.

खुर्च्या न्यायला कचेरीतून गाड्या येणार होत्या, त्या दोन वर्षांत आल्याच नव्हत्या. ओसरी भरली, तेव्हा कल्याणप्पांनी खुर्च्या गावात घरोघर सांभाळायला दिल्या होत्या. आपल्या घरात खुर्चीवर बसायचं कुणाच्या मनातही आलं नाही. बसलो आणि थोरला कुणी आला तर? त्यापेक्षा न बसलेलं बरं. पण वस्तू घरात आली की पडून कशी राहील? वीरभद्रानं आपल्या खुर्चीवर गुळाची ढेप ठेवली होती आणि गूळ पाझरून लाकडात असा मुरला होता की मुंग्यांनी पायात घर केलं होतं. एकानं दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून त्यावर कडब्याची पेंढी रचली होती. मठात एका खुर्चीवर थोरल्या स्वामींची तसबीर विराजमान होती. तिला हलवायला पूजा घालावी लागेल असं पुजारी म्हणाले, आणि कल्याणप्पांनी पूजा घातली. वीरभद्र मागून फिरत सल्ला देत होता की गुळाच्या खुर्चीवर साहेबांना बसवू नका, बसवलंत तर उठू देऊ नका.

इरम्माच्या खुर्चीवर कोंबडी अंड्यांवर बसली होती.

“आणिक सहा दिवस,” इरम्मा म्हणाली. “साहेबास्नी म्हणावं सहा दिवसांनी या.”

“इरम्मा, सरकारी मुआयना आहे.”

“कोंबडीला काय त्याचं?”

शेवटी खुर्ची कोंबडीसकट आणायची ठरली. इरम्मा सोबत चालत आली, खुर्चीवर नाही तर कोंबडीवर निगराणी ठेवायला.

राहिली विठाबाईची. ती तिच्या लेकानं केलेली पहिली खुर्ची होती. तिनं ती धुऊन पुसून देवळीखाली ठेवली होती आणि वर हळदीकुंकवाची बोटं उठवली होती.

“देणार न्हाय,” ती म्हणाली. “माणूस बेपत्ता, तर त्याची खुर्ची बी बेपत्ता. लिव्हा तसं.”

 कल्याणप्पा तीसच खुर्च्या घेऊन परतले.

हिंमतराव सकाळच्या मोटारीनं आले. माणूस दांडगा, शेरवानीच्या गुंड्या पोटावर ताणलेल्या, बोलणं थोडं आणि हळू. त्यांची मुआयन्याची रीत सरळ होती. प्रत्येक खुर्चीवर बसायचं, मनात दहा मोजायचे, उठायचं. अंगण भरून गाव जमलं होतं आणि सरकारला ओळीनं तीस खुर्च्यांवर बसताना बघत होतं. गुळाच्या खुर्चीवरून उठताना शेरवानीनं जरा वेळ घेतला. वीरभद्रानं आकाशाकडे पाहिलं. कोंबडीपाशी साहेब थांबले. कोंबडीनं मान वाकडी करून त्यांच्याकडे पाहिलं.

“ही बसलेलीच आहे,” साहेब म्हणाले. “मजबूत दिसते.” आणि पुढं सरकले.

सगळ्यात शेवटी बलभीमची. साहेब बसले. मागे रेलले. दोन्ही पाय भुईवरून उचलून घेतले आणि तसेच राहिले. लाकडातून चकार आवाज आला नाही. त्यांनी तिथूनच हात पुढं केला, कल्याणप्पांनी हाजिरीची वही दिली. साहेबांनी पानं उलटली, पुन्हा मागे उलटली.

“निगराणीदार, सात महिने हा कच्चा आहे?”

“जी.”

“दाखवा. कच्चं कुठं आहे?”

 कल्याणप्पांच्या खिशात काडी होती. पाय मोजता आले असते, रुबाबाचं सांगता आलं असतं. बत्तीस वर्षांच्या मास्तरकीनंतर बोलायला कमी पडले नसते. त्यांनी बलभीमकडे पाहिलं. बलभीम मान लांब करून स्वतःच खुर्चीच्या मागच्या डाव्या पायाकडे बघत होता, काळजीनं, की आपली काय चूक राहून गेली. ते बघून कल्याणप्पांनी खिशातली काडी खिशातच मोडली.

“खुर्चीत काही कच्चं नाही, साहेब,” ते म्हणाले. “पहिल्या महिन्यापासून पक्की आहे. मी खोटं लिहिलं. हा पोरगा गेला की शाळा बंद होते. शाळा बंद झाली की सकाळी या घरात आवाज करायला कुणी उरत नाही. मला ते सोसलं नसतं, म्हणून लिहिलं.”

चोपन्न वर्षांत ते एवढ्या लोकांसमोर एवढं खाली बघून कधी बोलले नव्हते. इरम्मानं पदर तोंडाला लावला. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं, पण कुणी हसलं नाही.

हिंमतराव खुर्चीच्या हातावर बोटं फिरवत राहिले.

“बावीस वर्षं दौऱ्यावर आहे मी,” ते हळूच म्हणाले, कल्याणप्पांनाच ऐकू जाईल असं. “ज्या गावात जातो तिथं खुर्ची मिळते. बोलायला कुणी मिळत नाही.” मग त्यांनी घसा साफ केला आणि आवाज सरकारी केला. “खोट्या कैफियतीबद्दल कलम सोळा. निगराणीदारी आजपासून रद्द. शाळा बंद. उमेदवाराला सनद. माल गाड्यांत भरून कचेरीत रवाना करावा. एकतीसपैकी किती हजर?”

“तीस. एक...” कल्याणप्पांनी गर्दीत उभ्या विठाबाईकडे पाहिलं. तिनं पदर खोचून घेतला. “एक बेपत्ता आहे.”

“ठीक,” म्हणून साहेबांनी तसं लिहिलं. आता त्या खुर्चीला हुडकायलाही जवान येणार होते, पण ते पुढचं पुढं.

दुपारपर्यंत गावच्याच बैलगाड्या जुंपून भरल्या. तीस खुर्च्या म्हणजे निगराणीदाराची खुर्चीही आलीच. ती सर्वांत वर, उलटी, चार पाय आभाळाकडे करून गेली. कोंबडीच्या अंड्यांची टोपलीत सोय केली, आणि तिनं ती मान्य केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बलभीम निघायच्या आधी आला. सनद त्यानं फडक्यात बांधून छातीशी धरली होती.

“सात महिने, आप्पा,” तो म्हणाला. “ढोकीवाले दुसरं स्थळ बघायला लागले होते.”

“माहीत आहे रे. माझं चुकलं.”

 बलभीम वाकून पाया पडला, ओसरीच्या खांबावर सवयीनं तीनदा टकटक केलं, कान लावला, आणि सडकेला लागला. धाराशिवला पोचला, कामाला लागला, ढोकीची पोरगीही मिळाली. हे सगळं पुढं पत्रानं कळलं. मुलखात नोकरी मिळालेला तो जळकोटचा एकुलता एक उमेदवार. पण त्याचा रकाना भरायला तेव्हा शाळाच नव्हती.

तो गेल्यावर कल्याणप्पा घरात आले. बसावं म्हणून वळले तर खुर्चीच्या जागी भुईवर चार पायांच्या खुणा होत्या. ते ओसरीवर भिंतीला टेकून खाली बसले. दोन वर्षांत गुडघ्यांना सवय राहिली नव्हती. बसताना कटकट वाजले आणि तो आवाज परसापर्यंत गेला. पुढ्यात लाकडाच्या ढलप्या पडल्या होत्या. बब्रुवानची हत्यारं भिंतीशी तशीच होती, ती न्यायला तो संध्याकाळी येणार होता. संध्याकाळ खूप लांब होती. इरम्मा एकदा डोकावून गेली, भाकरी झाकून ठेवून. दुपार टळली. काहीतरी आवाज व्हावा म्हणून कल्याणप्पांनी वाकस उचलला, एक ओंडका पायात धरला आणि ठोकायला लागले. पाट करायचा असं त्यांनी ठरवलं. पाट म्हणजे नुसती फळी आणि खाली दोन पट्ट्या, त्यात काय अवघड आहे, असं दोन वर्षं वरून बघणाऱ्या कुणालाही वाटलं असतं. तासाभरानं फळी तीन ठिकाणी खोल गेली होती, अंगठा फुटला होता, आणि कल्याणप्पा घामाघूम होऊन ठोकतच होते.

बब्रुवान दारात येऊन उभा राहिला. त्यानं आधी फळी पाहिली, मग अंगठा, मग जमिनीवर फतकल मारून बसलेले निगराणीदार. त्याला ते बघवेना. हत्यारांचा अपमान तो कुणाचाही सहन करत नसे.

“आरं कल्याण्या,” तो म्हणाला, “वाकस हाय का उलथनं? असा धरत्यात व्हय रं?”

कल्याणप्पांचा हात हवेतच थांबला. त्यांनी वर बघितलं नाही, कारण डोळे भरले होते आणि ते अंगठ्यामुळं आहेत असं सांगायची तयारी चालली होती. बब्रुवान चपला काढून आत आला, त्यांच्या शेजारी मांडीला मांडी लावून भुईवर बसला आणि वाकस त्यांच्या हातात नीट धरवला.

“मनगटातनं. खांद्यातनं न्हाय. मार.”

कल्याणप्पांनी मारला. ढलपी उडून ओसरीखाली पडली.

आवाज ऐकून वीरभद्र दुकान तसंच टाकून आला. फळी बघून त्यानं सांगितलं की लाकूड ओलं आहे, वाकस बोथट आहे आणि पाट उन्हाळ्यात करायचा नसतोच. मग कुणी खोकं आणायची वाट न बघता तोही खाली बसला. कचेरीला कळवणारं आता इथं कुणीच नव्हतं, तेव्हा त्यानं लढाईचं जे सांगायचं राहिलं होतं ते सगळं सांगायला घेतलं. इरम्मा कोंबडीची तक्रार घेऊन आली. दिवेलागणीपर्यंत ओसरीवर कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नव्हतं.

उठायच्या वेळी बब्रुवाननं ती फळी उचलली, डोळ्यापाशी धरून तिरकी बघितली, उलटी केली, पुन्हा बघितली. त्याची हत्यारं पिशवीत भरायची अजून बाकी होती. ती त्यानं भरली नाहीत. भिंतीशी पुन्हा नीट लावून ठेवली.

“कसं आहे काम?” कल्याणप्पांनी विचारलं.

“कच्चं,” बब्रुवान चपला घालत म्हणाला. “लई कच्चं हाय. सकाळी येतो परत.”

बत्तीस वर्षं पोरांना शेरे दिलेल्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा वाईट शेरा घेतला, आणि तो घेऊन कल्याणप्पा अंगणापर्यंत त्याला पोचवायला गेले.